‘ज्ञानेश्वर’मध्ये अक्षरे किती? मराठी वेबविषयीचे सहा गैरसमज

ऑनलाइन अर्जात नावासाठी एक चौकट असते आणि तिला बहुधा एक मर्यादा असते. समजा, ती वीस कॅरेक्टरांची आहे. तिच्यात ‘ज्ञानेश्वर पुरुषोत्तम’ टाइप करून पाहा. शेवटचा ‘म’ उमटतच नाही आणि चौकटीत ‘ज्ञानेश्वर पुरुषोत्त’ एवढेच उरते. बोटांवर मोजली तर दोन्ही नावांची मिळून नऊच अक्षरे होतात. वीस जणांच्या पंगतीत नऊ माणसे मावू नयेत, तसा हा प्रकार.

यावर ठरलेले उत्तर मिळते: “सिस्टिम मराठी घेत नाही, नाव इंग्रजीत लिहा.” हे उत्तर आता खरे राहिलेले नाही. मराठीसाठी लागणारी बहुतेक साधने आजच्या ब्राउझरांत आहेत. तरीही मराठी संकेतस्थळे अडखळतात, कारण बांधणाऱ्याच्या आणि बांधून घेणाऱ्याच्या डोक्यातले काही हिशेब जुनेच आहेत.

गैरसमज १ : एक अक्षर म्हणजे एक कॅरेक्टर

वस्तुस्थिती : आपण ‘ज्ञानेश्वर’ चार अक्षरांत वाचतो: ज्ञा, ने, श्व, र. संगणक ते दहा तुकड्यांत साठवतो: ज, पाय मोडल्याची खूण, ञ, काना, न, मात्रा, श, पुन्हा पाय मोडल्याची खूण, व, र. ‘पुरुषोत्तम’चेही तुकडे दहाच भरतात. मधली मोकळी जागा धरून एकवीस होतात, म्हणून वीसच्या चौकटीत ‘म’ बाहेर राहतो.

मर्यादा वाढवली की नाव मावते, पण अक्षरे खरोखर मोजायची असतील तर? त्यासाठी जावास्क्रिप्टमध्ये ‘इंटल सेगमेंटर’ नावाची सोय आहे. ती क्रोममध्ये २०२० साली आली आणि फायरफॉक्समध्ये एप्रिल २०२४ मध्ये. त्यानंतर सगळ्या प्रमुख ब्राउझरांवर ती विसंबून वापरता येऊ लागली. दरम्यान सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या युनिकोड १५.१ ने देवनागरीतले जोडाक्षर मध्येच तोडू नये, असा नियम घातला. त्याआधीच्या नियमांनुसार ‘ज्ञा’ची दोन शकले होत.

एसएमएसचा हिशेब आणखी वेगळा आहे. इंग्रजी संदेशात १६० कॅरेक्टर मावतात, मराठीत ७०. मराठी ही काही पाल्हाळिक भाषा नाही. इंग्रजी अक्षरे सात बिटांत बसतात, देवनागरीच्या प्रत्येक खुणेला सोळा लागतात, इतकेच.

गैरसमज २ : युनिकोड आले, आता शोधाचा प्रश्न मिटला

वस्तुस्थिती : देवनागरी युनिकोडमध्ये ऑक्टोबर १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे आणि तिची मांडणी ‘इस्की’ या भारतीय संकेतावर बेतलेली आहे. पण युनिकोड प्रत्येक खुणेला क्रमांक देते. कोणी कोणत्या खुणा जुळवून शब्द लिहावा, यावर त्याचा पहारा नाही.

‘साताऱ्याला’ हा शब्द घ्या. यातला अर्धा ‘ऱ’ दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड नुक्त्याचा ‘ऱ’ घेऊन त्याचा पाय मोडतात. काही साध्या ‘र’चा पाय मोडून त्यापुढे एक अदृश्य जोडखूण घालतात. पडद्यावर दोन्ही शब्द जुळ्या भावांसारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. एकाने लिहिलेली बातमी दुसऱ्याला शोधून सापडत नाही. युनिकोडचे प्रमाणीकरण हे दोन प्रकार एक करत नाही. मजकूर साठवताना सगळे एकाच रूपात आणण्याचा नियम आपल्यालाच लिहावा लागतो. आणि तिसऱ्याच कोणी ‘सातार्याला’ असे रफाराने लिहिले, तर शब्दच चुकतो. आचाऱ्यांना शिधा द्यायचा असतो आणि आचार्यांना दक्षिणा. एवढा फरक त्या अर्ध्या ‘ऱ’त आहे.

‘ॲप’मधल्या ‘ॲ’चेही असेच झाले आहे. त्याला स्वतःचा क्रमांक मिळाला २००८ साली, युनिकोड ५.१ मध्ये. तोवर लोक ‘अ’वर चंद्र देऊन भागवत आणि अनेक जण आजही तेच करतात. दिसायला एकच, शोधायला दोन.

युनिकोडपूर्व काळातल्या मजकुराची गोष्ट तर याहून अवघड. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवलेली असत. फॉन्ट काढून घेतला की खाली इंग्रजी अक्षरांचा खच उरतो. असा मजकूर रूपांतर करूनच वेबवर आणावा लागतो आणि रूपांतरानंतर जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावी लागतात.

गैरसमज ३ : लिपी देवनागरी आहे, मग हिंदी काय आणि मराठी काय

वस्तुस्थिती : पानाच्या कोडमध्ये सुरुवातीलाच भाषा सांगायची एक जागा असते. तिथे मराठीसाठी ‘एमआर’ ही दोन इंग्रजी अक्षरे लिहायची असतात. अनेक मराठी पानांवर तिथे इंग्रजीच नोंदलेली असते, कारण साचा तसाच आयता मिळालेला असतो.

या दोन अक्षरांवर बरेच काही अवलंबून आहे. ‘नोटो सान्स देवनागरी’सारख्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे, म्हणजे पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ दडलेले असतात. पान मराठी आहे असे कळले, तरच ब्राउझर ते बाहेर काढतो. ‘टायरो’ या फॉन्टकुटुंबात तर हिंदी, मराठी आणि संस्कृत यांच्यासाठी वेगवेगळे फॉन्टच मोफत मिळतात. अंध वाचकांचे स्क्रीन रीडरही याच नोंदीवरून आवाज निवडतात. पान इंग्रजी म्हणून नोंदलेले असेल तर मराठी मजकुराला इंग्रजी आवाज लागण्याची शक्यता असते आणि ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

अंक आणि अनुक्रम यांतही फरक पडतो. ब्राउझरला संख्या मराठीत मांडायला सांगितली तर तो आपणहून १२,३४,५६७ असे देवनागरी अंक देतो. हिंदीसाठी मात्र इंग्रजी अंक देतो. युनिकोडच्या क्रमांकात ‘ळ’ येतो ‘ल’च्या लगेच नंतर, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’च्या पुढे. नुसत्या क्रमांकाने लावलेली यादी म्हणून मराठी माणसाला विस्कटलेली वाटते. मराठीचा क्रम ब्राउझरला ठाऊक आहे, पण तो मागावा लागतो.

गैरसमज ४ : फॉन्ट बदलला की डिझाइन मराठी झाले

वस्तुस्थिती : इंग्रजीसाठी आखलेल्या पानात मराठी ओतली की पहिला बळी जातो उकारांचा. इंग्रजी अक्षरांना पुरेल इतकेच दोन ओळींतले अंतर ठेवले, तर वरच्या ओळीचा ‘द्धू’ खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन भिडतो. बटणाची उंची आखडती असेल तर ‘सुरू करा’तले उकार कापले जातात. शीर्षक ऐसपैस दिसावे म्हणून अक्षरांत अंतर घातले तर शिरोरेषेचे तुकडे पडतात. तिरप्या अक्षरांचेही तसेच. बहुतेक देवनागरी फॉन्टमध्ये तिरपे वळण नसतेच. ब्राउझर सरळ अक्षरेच धरून वाकवतो. जोर द्यायचा तर ठळक अक्षर घ्यावे.

गैरसमज ५ : बटणांचे भाषांतर केले की संकेतस्थळ मराठी झाले

वस्तुस्थिती : प्रवासाच्या तिकिटावर ‘पुणेहून ठाणेला’ असे वाचले की मराठी माणूस जागीच थबकतो. प्रोग्रामरने केले इतकेच: शहराचे नाव घेतले आणि त्याला ‘हून’, ‘ला’ चिकटवले. इंग्रजीत ते चालते, कारण तिथे शब्दयोगी शब्द आधी येतो आणि नाव जसेच्या तसे राहते. मराठीत प्रत्यय लागण्याआधी नाव वाकते: पुण्याहून, ठाण्याला, साताऱ्याला. नाशिक मात्र वाकत नाही, म्हणून चाचणीत नाशिक घेतले तर चूक दिसतच नाही.

उपाय साधा आहे: जुळवलेली वाक्ये टाळायची. ‘कुठून: पुणे’, ‘कुठे: ठाणे’ असे लिहिले की व्याकरण आडवे येत नाही. लिंगाचा गुंताही असाच सुटतो. ‘लक्ष्मी गटात सामील झाला’ असे छापण्यापेक्षा ‘नवे सदस्य: लक्ष्मी’ बरे. आदरार्थाकडे तर कोणाचेच लक्ष नसते. एका पानावर ‘आपले स्वागत आहे’ आणि पुढच्या पानावर सत्तरीच्या आजोबांना ‘पासवर्ड विसरलास?’

शोधातही हीच अडचण येते. ‘पाणी’ शोधले तर ‘पाण्यात’ सापडत नाही. सामान्यरूप ओळखणारी व्यवस्था शोधामागे बसवावी लागते.

गैरसमज ६ : आता एआय आहे, ते सगळे सांभाळेल

वस्तुस्थिती : यात अर्धे सत्य आहे. भाषेची ही प्रारूपे मजकुराचे ‘टोकन’ नावाचे तुकडे करतात आणि सेवेचे पैसे बहुधा तुकड्यांवर आकारले जातात. मे २०२४ मध्ये ओपनएआयने आपली तुकडे पाडण्याची नवी पद्धत जाहीर केली, तेव्हा नमुन्याच्या त्याच मजकुराला मराठीत आधी ९६ टोकन लागत होते, ते ३३ वर आले. इंग्रजीत २७ चे २४ झाले. दरी बरीच बुजली, पण उरली आहेच.

कोडचे मात्र वेगळे आहे. “नाव वीस अक्षरांहून मोठे नको” एवढेच एआयला सांगितले, तर ते बहुधा सरधोपट मोजणी लिहून देते, तीच जी ‘पुरुषोत्तम’चा ‘म’ खाते. अक्षर म्हणजे काय, हे आपण सांगितले तर ते ‘सेगमेंटर’ही वापरून दाखवते. प्रश्न कोणाला विचारायचा हे आता सोपे झाले आहे. प्रश्न पडण्यासाठी अजूनही मराठी वाचणारा माणूस लागतो.

तो माणूस प्रोग्रामरच असायला हवा असे नाही. संकेतस्थळ बांधून घेणाऱ्या शाळेच्या मुख्याध्यापिका, पतपेढीचे सचिव, छोटे प्रकाशक यांपैकी कोणीही पाच मिनिटांत ही परीक्षा घेऊ शकतात. नावाच्या चौकटीत ‘ज्ञानेश्वर पुरुषोत्तम’ लिहा. ‘साताऱ्याला’ हा शब्द असलेला मजकूर एका फोनवरून चढवा, दुसऱ्या फोनवरून शोधा. यादीत ‘हरी’ आणि ‘ळ’ने सुरू होणारी एखादी नोंद घालून ‘ळ’ कुठे बसतो ते बघा. तिकिटासाठी नाशिक सोडून धुळे निवडा. काम घेताना या चार गोष्टी करारात लिहून घेतल्या, तर ‘सिस्टिम मराठी घेत नाही’ हे वाक्य ऐकावे लागणार नाही, आणि ‘पुरुषोत्तम’ला त्याचा ‘म’ परत मिळेल.