सेंट हेलेनाचा विमानतळ व भूमीची साक्ष

इ. स. १८०३ त असईच्या रणांत शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव करणारा आर्थर वेलस्ली १८०५ सालीं स्वदेशीं परतत असतां सेंट हेलेना बेटावर उतरला होता. पुढें दहा वर्षांनीं नेपोलियन त्याच बेटावर बंदी म्हणून आला. मराठी वाचकांस या बेटाचें नांव बहुधा नेपोलियनमुळेंच परिचित आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र तेथें अलीकडे बांधलेला विमानतळ हा आहे. इतिहासाच्या त्रैमासिकांत विमानतळाचें प्रयोजन काय, अशी शंका कोणी घेईल. तिचें उत्तर ओघांत येईलच.

दक्षिण अटलांटिक महासागरांतील हें ज्वालामुखीजन्य बेट अवघें १२२ चौरस किलोमीटरांचें असून आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारें १९०० किलोमीटर दूर आहे. १५०२ सालीं तें पोर्तुगीजांस सांपडलें. १६५९ त इंग्रजी ईस्ट इंडिया कंपनीनें तेथें वसाहत केली; १८३४ त तें ब्रिटिश राजसत्तेकडे गेलें. हिंदुस्थानांतून विलायतेस जाणारीं जहाजें तेथें पाणी व ताजें अन्न घेत. १८६९ त सुवेझचा कालवा खुला झाला आणि बेट आडबाजूस पडलें. अखेर तेथील सुमारें साडेचार हजार रहिवाशांस जगाशीं जोडणारें एकच टपालजहाज उरलें. केपटाउन गांठावयास त्यास पांच दिवस लागत. ज्याचा इलाज बेटावर नाहीं अशा रोग्यानें जहाजाची वाट पाहावी, एवढाच मार्ग होता. तेव्हां विमानतळाची मागणी चैनीची होती असें म्हणतां येणार नाहीं.

२०११ सालीं ब्रिटिश सरकारच्या पैशानें या कामाचा करार झाला. एकंदर तरतूद सुमारें साडेअठ्ठावीस कोटी पौंडांची होती. सपाट जागा अशी पूर्वेकडील प्रॉस्परस बे नांवाच्या पठारावरच होती, आणि तीहि पुरेशी नव्हती. म्हणून लगतची ड्राय गट नांवाची घळ सुमारें ८० लाख घनमीटर दगडमातीनें भरून काढावी लागली. हा भराव सुमारें १०० मीटर उंच आहे. यंत्रसामग्री सर्व समुद्रमार्गें आणून रूपर्टच्या खाडीपासून पठारापर्यंत १४ किलोमीटरांचा रस्ता नव्यानें काढण्यांत आला. १५ सप्टेंबर १८१५ नव्हे, तर दोन शतकांनंतर १५ सप्टेंबर २०१५ रोजीं, म्हणजे नेपोलियनच्या आगमनाच्या द्विशताब्दीस एक महिना उरला असतां, पहिलें विमान उतरलें.

परंतु मोठ्या विमानाची कसोटी निराळी ठरली. एप्रिल २०१६ त बोइंग ७३७ हें विमान चांचणीसाठीं आलें. तें तिसऱ्या प्रयत्नांत टेंकलें. आग्नेयेकडून सतत वाहणारा वारा समुद्रकड्यांवर आदळतो आणि पठाराच्या टोंकाशीं त्याचा वेग व दिशा थोड्याच अंतरांत एकाएकीं पालटते. नियोजित उद्घाटन लांबणीवर पडलें. हा धोका आधीं ओळखला नाहीं, याबद्दल ब्रिटिश पार्लमेंटच्या हिशेबसमितीनें त्याच वर्षीं कडक ठपका ठेविला.

वस्तुतः या वाऱ्याची नोंद पूर्वींच झालेली होती. जुलै १८३६ त चार्ल्स डार्विन या बेटावर कांहीं दिवस होता. सुमारें हजार फूट खोल कड्यावर संपणाऱ्या एका पठाराच्या कांठीं तो उभा असतां त्याच्या सभोंवार हवा अगदीं निवांत होती, आणि कांहीं हातांवर पक्षी प्रचंड वाऱ्याशीं झुंजत होते. कड्याबाहेर हात करतांच वाऱ्याचा पूर्ण जोर त्यास जाणवला. हा प्रकार त्यानें आपल्या प्रवासवर्णनांत नमूद केला आहे. त्यानें पठाराचें नांव दिलेलें नाहीं. पण बेटावरील कड्यांशीं वारा कसा वागतो याची साक्ष यांत स्पष्ट आहे.

दुसरी साक्ष जमिनीच्या पोटांत होती. १८४० पासून ब्रिटिश आरमारानें गुलामवाहू जहाजांतून सोडविलेले पंचवीस हजारांहून अधिक आफ्रिकन लोक या बेटावर आणले. त्यांपैकीं सुमारें आठ हजार तेथेंच मेले व बहुतेक रूपर्टच्या खोऱ्यांत पुरले गेले. विमानतळाच्या रस्त्यासाठीं तेथें उत्खनन झालें तेव्हां ३२५ जणांचे अवशेष निघाले. ते एका कोठींत सुमारें चौदा वर्षें राहिले. २०२२ त त्यांस पुन्हां भूमी मिळाली.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत गृहारंभापूर्वीं भूमीची परीक्षा सांगितली असून तींत पुरलेल्या अस्थि इत्यादि शल्यांचाहि विचार आहे. त्यांतील शकुनांवर विश्वास ठेवावा असें आमचें म्हणणें नाहीं. जेथें बांधावयाचें तेथें पूर्वीं काय घडलें हें आधीं विचारावें, एवढें तात्पर्य घ्यावें.

१४ ऑक्टोबर २०१७ रोजीं लहान विमानानें नियमित सेवा सुरू झाली. वाऱ्यामुळें आरंभीं ७६ उतारूंपलीकडे घेतां येत नसत. फेब्रुवारी २०१८ त टपालजहाज निवृत्त झालें. बेटाचें दूरत्व कमी झालें, हा लाभ मोठा आहे. परंतु जुना कागद व जुनें थडगें हीं केवळ संशोधकाच्या कुतूहलाचीं साधनें नसून नव्या बांधकामाचींहि साधनें आहेत, हें या बेटानें दाखविलें आहे. विमानतळाचा विषय या पानांत आणण्याचें प्रयोजन हेंच.