चांगली जागा सोडणारा ड्रमवादक

हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, असे घरातील वडीलधारी माणसे सांगतात. ज्यांची चूल महिन्याच्या पगारावर पेटते, त्यांना ते पटतेही. तरीही हातचे सोडणाऱ्या मॉरिस व्हाइट या अमेरिकेतील कृष्णवर्णीय कलावंताची हकिगत आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

१९४१ साली वर्णभेदाने ग्रासलेल्या मेम्फिस शहरात त्यांचा जन्म झाला. पुढे ते शिकागोला आले. चेस या रेकॉर्ड कंपनीत मडी वॉटर्स, एटा जेम्स अशा नामवंतांच्या मागे बसून त्यांनी ड्रम वाजविले.

पियानोवादक रॅम्झी लुईस यांचे तिघांचे पथक तेव्हा गाजत होते. १९६६ साली त्यातील ड्रमवादक रेड होल्ट यांनी जोडीदारासह बाहेर पडून स्वतःचे पथक काढले. ती रिकामी जागा व्हाइट यांना मिळाली. नाव होते, काम होते, दौरे होते. तेथेच कालिम्बा हे अंगठ्यांनी वाजविण्याचे आफ्रिकी वाद्य त्यांनी आपलेसे केले.

पण तीन वर्षांनी, १९६९ साली, तेही उठले. दोन मित्रांसह त्यांनी 'सॉल्टी पेपर्स' हे पथक काढले. त्याला मोठे यश आले नाही. १९७० साली ते लॉस एंजलिसला गेले, धाकटा भाऊ व्हर्डिन याला बास गिटारवर घेतले आणि पथकाला नाव दिले 'अर्थ, विंड अँड फायर', म्हणजे पृथ्वी, वारा आणि अग्नी.

येथे गोष्ट संपली असती तर सोपी होती. दोन रेकॉर्डी निघाल्या आणि ते पथकही मोडले. व्हाइट यांनी १९७२ साली नवी तरुण मुले जमविली. फंक म्हणजे ड्रम आणि बास यांच्या ठेक्यावर उभे असलेले, पाय थिरकायला लावणारे संगीत. ठेका व्हाइट यांच्या अंगातच होता. त्यावर त्यांनी ब्रास वाद्ये, कालिम्बा आणि अनेक गळ्यांचे गाणे चढविले. ड्रमच्या मागचा माणूस पुढे येऊन गाऊ लागला. १९७५ साली त्यांचे 'शायनिंग स्टार' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. १९७८ सालचे 'सप्टेंबर' तर आजही जगभर वाजते.

पुढे कंपवाताने त्यांचे दौरे थांबविले. २०१६ साली ते गेले. पथक मात्र चालू राहिले.

वाचकहो, नोकरी सोडा असे आम्ही कोणालाही सांगणार नाही. व्हाइट उठले ते आधी कित्येक वर्षे हात तयार करून, आणि पहिला डाव मोडल्यावर त्यांनी दुसरा मांडला. आपल्या घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी वेगळी वाट धरू म्हणेल, तेव्हा रागावण्यापूर्वी एवढेच विचारावे : हात तयार आहे का? आणि मोडले तर पुन्हा मांडशील का?