हिमित्सुबाको
(गुप्त पेटी). उघडण्याची युक्ती रचनेतच दडविलेली जपानी लाकडी पेटी. हिचा विकास एकोणिसाव्या शतकात हाकोने परिसरात झाला. हिला कुलूप नसते. एका बाजूची फळी किंचित सरकविली की आतील अडसर खाचेतून सुटतो व शेजारची फळी मोकळी होते. अशा ठराविक क्रमानेच अखेर झाकण सरकते. सोप्या पेटीस ४-५, तर अवघड पेटीस ५० हून अधिक हालचाली लागतात. खरे कसब जोडकामात असते : फळी सैल बसल्यास सांधा दिसून गुपित फुटते, घट्ट बसल्यास दमट हवेत लाकूड फुगून पेटी अडकते. म्हणून लाकूड पक्के वाळवून घेतात. भिन्न नैसर्गिक रंगांची लाकडे जोडून केलेल्या ठोकळ्यावरून रंध्याने काढलेले पातळ पापुद्रे बहुधा पृष्ठावर चिकटवितात. या ‘योसेगी’ नक्षीच्या रेषांत सांधे लपतात. हाकोनेच्या योसेगीकामास जपान सरकारने १९८४ मध्ये पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला.