जीपच्या कापडी टपातून गळणारे पाणी

कौल एका जागी फुटते, पाणी वाशावरून ओघळत जाते आणि टपकते ते दुसऱ्याच खोलीत, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. कापडी टपाच्या जीपचा न्यायही हाच. मुंबईत १९४९ साली महिंद्राने विलिस जीपची जुळणी सुरू केली, तेव्हापासून हा टप आपल्याकडे रुळला. २०२० च्या थारलाही मागे दुमडता येणारा कापडी टप मिळाला. कर्जत-खालापूरचा पाऊस मात्र आहे तसाच आहे: वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरांच्या वर, आणि तोही वाऱ्याबरोबर तिरपा.

आता असं समजा, की भर पावसात तुम्ही खोपोलीहून घाट चढून खंडाळ्याला गेलात आणि संध्याकाळी परत उतरलात. खाली येऊन बघता तो पायाशी पाणी! साहजिकच संशय येतो समोरच्या काचेवर. तिच्या चौकटीला लुकण फासले जाते, आणि पुढच्या सरीला पाणी पुन्हा हजर. कारण मूळ भोक मागच्या खिडकीच्या शिवणीत असू शकते. चढणीला गाडीचे तोंड वर असते, तेव्हा पाणी मागे साचते. उतरणीला तेच मॅटखालून पुढे येते. म्हणून ओल दिसली तिथेच डागडुजी करीत बसू नये.

प्रश्न नुसत्या भिजलेल्या पायमोज्यांचा नाही. खोपोलीला १९१५ पासून घाटावरच्या पाण्याने वीज तयार केली. गाडीत शिरलेले पाणी मात्र वीज घालवते. ते फ्यूजच्या पेटीत उतरले, तर रात्री ऐन घाटात वायपर थांबतात, दिवे जातात. शिवाय तळाचा पत्रा सडला, की आसनाचे आणि पट्ट्याचे बोल्ट ज्याला धरून असतात तो आधारच जातो.

शोध घ्यावा तो उघडीप पाहून. गाडी सपाट जागी लावा, मॅट काढा, तळावर वर्तमानपत्रे पसरा. एकाने बॅटरी घेऊन आत बसावे, दुसऱ्याने बाहेर नळी धरावी. नळीला जोर नको, रिमझिम पडेल इतकेच पाणी. आणि सुरुवात करायची खालून: आधी दाराचा खालचा काठ, मग काचेच्या बुडाचे रबर, मग खिडक्या, शेवटी टप. वरून आरंभ केलात तर ओघळ सगळ्याच सांध्यांवरून जाणार. मग चोर कोणता ते कळायचे कसे? एकेका जागेला चांगली पाच मिनिटे द्या. संशयित सांध्याला आतून खडूची भुकटी लावली, तर थेंबाची वाट तीत स्पष्ट उमटते. दाराच्या रबराची परीक्षा याहून सोपी. कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे. ती अलगद निघून आली, तर तिथे रबर दाबून बसत नाही.

जुन्या जीपची काच बॉनेटवर आडवी पाडता येते. तिच्या बुडाचे रबर जुने झाले, की कडक होऊन भेगाळते, ते बदलावेच. चांगल्या रबराला ग्लिसरीन पुसावे, रॉकेल किंवा तेल नको. शिवणीतले पाणी सुईच्या भोकांतून येते. सुती दोरा भिजला की फुगून भोक बुजवतो, पण लवकर कुजतो. पॉलिएस्टरचा टिकतो, पण फुगत नाही. तेव्हा शिवून घ्यावे पॉलिएस्टरने आणि वरून मेण चोळावे. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारा सिलिकॉन पत्र्याला लावू नका, त्यातल्या आम्लाने गंज धरतो.

उभ्या गाडीत कोरडा राहणारा टप कधीकधी धावताना गळतो, बरं का. वेगात टपावरचा हवेचा दाब कमी होतो, कापड फुगून वर उचलले जाते आणि पुढच्या पट्टीशी फट पडते. अशा वेळी टप ताणून घट्ट बसवला, की बहुधा भागते.

दुरुस्तीनंतर तीच नळी पुन्हा धरा. कागद कोरडे निघाले तर तळाची चिखलाने बुजलेली भोके साफ करा आणि मग मॅट घाला. पण ती उलटून पाहा; वरून वाळलेली दिसली, तरी खालचा फोम कित्येक दिवस पाणी धरून ठेवतो.