जंतूचा अंगरखा

जंतू अंगात शिरला की माणूस आजारी पडतो, एवढे आपण सर्वजण जाणतो. पण माणसाला आठ दिवसांत अंथरुणाला खिळवणारा एखादा जंतू उंदराच्या मूत्रपिंडात महिनोन् महिने मुक्काम ठोकतो आणि उंदीर मात्र खुशाल खातो-पितो, हिंडतो, हे कसे, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. जंतू तोच, मग एकाला तो जीवघेणा आणि दुसऱ्याला निरुपद्रवी का? गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या प्रश्नाचा जो शोध झाला, त्यात उत्तराचा मोठा भाग जंतूच्या पोटात नव्हे, तर त्याच्या अंगावरील आवरणात सापडला. या आवरणाला शास्त्रीय परिभाषेत बाह्यपटल म्हणतात. आम्ही येथे त्याला अंगरखा म्हणणार आहोत, कारण प्रसंग पाहून तो बदलण्याची कलाही या जंतूंना साधलेली आहे.

उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आषाढात बिरवाडीच्या आसपासच्या खाचरांतून भाताची लावणी चालू असते. डोक्यावर इरले, कमरेत वाकलेले अंग आणि घोट्याच्या वर चिखलात रुतलेले अनवाणी पाय. दहा-बारा दिवस असे गेले की पायांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. काट्याने नाहीतर खेकड्याच्या नांगीने पोटरी खरचटते ती वेगळीच. त्याच बांधांत उंदरांची बिळे असतात, त्याच पाण्यात गुरे मुततात. ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात हा जंतू आठवडेच्या आठवडे जिवंत राहतो आणि चिखल्यांच्या वाटेने, खरचटलेल्या कातडीतून, डोळ्यांच्या किंवा तोंडाच्या ओल्या त्वचेतून शरीरात शिरतो. त्याने होणाऱ्या आजाराचे नाव लेप्टोस्पायरोसिस. लोकांच्या तोंडी नुसते ‘लेप्टो’. शहरही त्यातून सुटत नाही. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यामागून लेप्टोची मोठी साथ आली. 22 जुलै 2021 च्या महापुरात महाडच्या घरादुकानांत शिरलेला गाळ ज्यांनी हातांनी उपसला, त्यांनी त्या दिवसांत काय धोका पत्करला होता, हे यावरून ध्यानात येईल. सर्व जगाचा हिशेब केला तर दर वर्षी सुमारे दहा लाख माणसांना हा आजार होतो आणि सुमारे साठ हजार दगावतात, असा 2015 मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे.

आजार जुना आहे. 1886 मध्ये जर्मनीतील वाइल या वैद्याने ताप, कावीळ आणि मूत्रपिंडाचा बिघाड एकत्र दिसणाऱ्या रोग्यांचे वर्णन केले. 1907 मध्ये स्टिम्सन या अमेरिकन संशोधकाला पीतज्वराने वारलेल्या म्हणून समजल्या गेलेल्या रोग्याच्या मूत्रपिंडात टोकाला वाकडे, प्रश्नचिन्हासारखे जंतू दिसले, म्हणून त्याने त्यांना ‘प्रश्न विचारणारा’ अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. नाव भविष्यसूचक ठरले म्हणायचे! पुढे 1915 च्या सुमारास जपानात इनाडा आणि इडो यांनी कोळशाच्या खाणींत काम करणाऱ्या मजुरांच्या आजारातून हा जंतू निश्चित ओळखला आणि 1917 मध्ये इडो व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदीर हा त्याचा वाहक असल्याचे दाखवून दिले. जपानी शेतकरी भाताच्या शेतात होणाऱ्या अशाच तापांना पूर्वीपासून ‘शरदातला आजार’ म्हणत असत. भात पिकवणाऱ्या माणसांनी त्याला जंतूच्या आधी ऋतूवरून ओळखले होते.

जंतू मळसूत्रासारखा पिळलेला आणि अतिशय बारीक असतो. जाडी एका मिलिमीटरचा सुमारे दहा हजारावा भाग, म्हणजे साध्या सूक्ष्मदर्शकातून तो दिसतही नाही; पार्श्वभूमी काळी करून पाहावा लागतो. पोहण्यासाठी त्याला दोन शेपट्या असतात. इतर जंतूंच्या शेपट्या बाहेर वळवळतात. या पठ्ठ्याच्या शेपट्या अंगरख्याच्या आत दडलेल्या असतात. शेपटी दिसली की जंतू ओळखणारे पहारेकरी आपल्या शरीरात आहेत, आणि त्यांना येथे दिसायलाच फारसे काही उरत नाही.

अंगरखा स्निग्ध पदार्थाचा. त्याच्या बाहेरच्या अंगाला साखरेच्या दाण्यांची लांब झालर लोंबते आणि झालरींच्या मधून निरनिराळी प्रथिने डोके वर काढून असतात. शेतातले पाणी जवळजवळ अळणी असते, रक्त खारट. पाण्यातून रक्तात येताच जंतूला हा खारटपणा जाणवतो आणि तो अंगरख्यावरची काही प्रथिने मोठ्या प्रमाणात तयार करू लागतो, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. या प्रथिनांना ‘लिग’ म्हणतात. आपल्या पेशींच्या मधल्या जागेत जे तंतू आणि चिकट पदार्थ भरलेले असतात, त्यांना ही प्रथिने आकड्यासारखी धरतात. आणखी एक लबाडी आहे. आपल्या रक्तात जंतूंना भोके पाडणारी पूरक प्रथिनांची एक फळी असते. ती आपल्याच पेशींवर उलटू नये म्हणून रक्तातच तिला आवरणारे एक प्रथिन फिरत असते. हा जंतू ते प्रथिन पकडून स्वतःच्या अंगरख्यावर बसवतो. घरच्या माणसाची पगडी डोक्यावर चढवून चोर ओटीवर बसावा, त्यातलाच हा प्रकार.

पण मुख्य गोष्ट झालरीच्या मुळाची आहे. झालर अंगरख्याला ज्या स्निग्ध मुळाने टाचलेली असते, ते मूळ पुष्कळशा रोगजंतूंत जवळपास एकाच घडणीचे असते आणि आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशींवर ते ओळखणारा एक ग्राहक आहे. त्याच्या कुळाचे नाव ‘टोल’. महामार्गावरच्या टोलनाक्याशी त्याचा संबंध नाही. जर्मन भाषेत ‘टोल’ हा ‘वाहवा!’ सारखा उद्गार आहे आणि तो प्रथम फळमाशीतील एका जनुकाला मिळाला. माशीचे रोगापासून रक्षण करण्यात या टोलचा हात आहे हे हॉफमान यांनी 1996 मध्ये, आणि उंदरात चौथ्या क्रमांकाचा टोल हे मूळ ओळखतो हे ब्यूटलर यांनी 1998 मध्ये दाखवले. दोघांना 2011 च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. या पहारेकऱ्याने मूळ हुंगले की तो तत्काळ आरोळी ठोकतो, शरीर जागे होते आणि लढाई पहिल्याच दिवशी जुंपते.

लेप्टोच्या झालरीचे मूळ मात्र नेहमीच्या घडणीचे नाही. त्यातील रसायनाच्या रचनेत थोडा फेरफार आहे आणि तेवढ्याने माणसाचा हा पहारेकरी फसतो. उंदराच्या त्याच पहारेकऱ्याला हे मूळ ओळखता येते! ज्या उंदरांत तो पहारेकरी जन्मतःच बिघडलेला असतो, त्यांची पिल्ले लेप्टोने मरतात. धडधाकट उंदीर वाचतात. तेव्हा उंदीर आजारी पडत नाही तो जंतू त्याच्यावर मेहेरबान असतो म्हणून नव्हे, तर रक्तातून त्याला तो वेळीच हुसकावतो म्हणून. मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत मात्र काही जंतू भिंतीला चिकटून घोळक्याने उरतात आणि मूत्रावाटे शेतात येत राहतात. माणसात आरोळी उशिरा होते, तोवर रक्तात जंतूंची बेसुमार वाढ झालेली असते. माणूस आणि उंदीर यांतला सगळा फरक या एका गोष्टीने उलगडतो असे आम्ही म्हणणार नाही. पण मोठी गाठ येथे सुटते, हे खरे.

लेप्टो याबाबतीत एकटा नाही. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि हाफकिन यांनी आपली लस 10 जानेवारी 1897 रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली, हा इतिहास पुष्कळांना ठाऊक आहे. त्या प्लेगचा जंतू पिसवेच्या थंड पोटात एका वेषात असतो, आणि मनुष्यदेहाच्या 37 अंश उष्णतेत आला की वर एक बुळबुळीत अस्तर चढवतो व झालरीचे मूळही बदलून टाकतो, हे पुढे कळले. हाफकिन यांना यातले काहीही माहीत नव्हते. लस तरीही उपयोगी पडली.

आता व्यवहाराकडे वळू. जंतू शिरल्यापासून साधारण आठ-पंधरा दिवसांनी थंडी वाजून ताप येतो, डोके ठणकते, डोळे लाल होतात, आणि पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देववत नाही. लावणी केलेल्या माणसाच्या पोटऱ्या दुखायच्याच, म्हणून येथेच फसगत होते. बऱ्याच जणांना आपोआप उतार पडतो. काहींना कावीळ होते, लघवी कमी होते, फुप्फुसांत रक्तस्राव होतो, आणि मग वेळ हातची गेलेली असते. रक्ताच्या ज्या परीक्षेवर शास्त्रज्ञांची सर्वांत भिस्त आहे, तिच्यासाठी निरनिराळे जिवंत जंतू प्रयोगशाळेत सांभाळावे लागतात आणि तिचा निर्णय बहुधा दुसऱ्या आठवड्यात मिळतो. म्हणून शहाणा डॉक्टर तिच्यासाठी थांबत नाही. डॉक्सिसायक्लीन किंवा पेनिसिलीन ही साधी, जुनी औषधे सुरुवातीला दिली तर चांगली लागू पडतात. रोग्याने एवढेच करायचे, की “आम्ही चिखलात होतो” हे डॉक्टरांना आपण होऊन सांगायचे.

भित्तिपत्रके गमबूट घालायला सांगतात. गटार उपसणाऱ्याला ते ठीक आहे. चिखलणी केलेल्या खाचरात बूट घालून चार पावले टाकून पाहावीत; पाय निघतो, बूट तेथेच राहतो. सल्ला देणाऱ्याने एकदा तरी लावणीला उतरावे, असे आमचे मत आहे. चिखल्यांवर वेळीच उपचार करणे, जखम झाकणे, बांधावरचे उंदीर कमी करणे, आणि पुराच्या पाण्यात काम करावेच लागले तर डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लीनची आठवड्याची गोळी घेणे, एवढे मात्र शक्य असते.

लस का नाही, असे कोणी विचारील. अडचण पुन्हा अंगरख्याचीच. साखरेच्या झालरी बदलून बदलून या जंतूचे अडीचशेहून अधिक प्रकार झाले आहेत, आणि मेलेल्या जंतूंची लस ज्या झालरीविरुद्ध टोचली, बहुतांशी तिच्यापुरतीच कामाला येते. क्यूबा, चीन, जपान, फ्रान्स येथे अशा लशी माणसांसाठी वापरल्या गेल्या. गुरांना आणि कुत्र्यांनाही टोचतात. झालर बदलली तरी रोगकारक प्रकारांत फारशी न बदलणारी प्रथिने शोधून त्यांच्यापासून लस करावी, असा आता प्रयत्न आहे, आणि त्यात अग्रभागी आहेत ती मघाची खारट पाण्यात उगवणारी लिग प्रथिने. हॅमस्टर या लहान प्राण्यावर त्यांचे काही प्रयोग यशस्वी झाले आहेत. भाताच्या खाचरात उतरणाऱ्या माणसासाठी ती लस अजून आलेली नाही.