कूस बदलली आणि घर फिरलं: चक्कर, कान आणि फिजिओथेरपी

 

मागच्या दिवाळीत मी नायगावला घरी होतो. पहाटे आईने कूस बदलली आणि ओरडली, "आरं, घर फिरायलंय!" अर्ध्या मिनिटात थांबलं. पुन्हा त्याच कुशीवर वळली की पुन्हा तेच. कुणी म्हणालं बीपी, कुणी म्हणालं अशक्तपणा. बीपी नॉर्मल निघालं. सलाईन झालं, तीन आठवडे गोळ्या झाल्या. आई मात्र भिंत धरूनच चालायची.

शेवटी नांदेडला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आईची मान उजवीकडे वळवून तिला झटकन आडवं केलं आणि डोळे बघितले. बुबुळं थरथरत होती. म्हणाले, "उजव्या कानातले खडे सरकलेत."

खडे? ऐका. मोबाईल आडवा केला की स्क्रीन फिरते, कारण आत सेन्सर आहेत. कानातही आहेत. प्रत्येक आतल्या कानात तीन अर्धगोल नळ्या असतात. डोकं किती वळलं, हे त्या मेंदूला कळवतात. शेजारच्या पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात. खाली कुठे आणि वर कुठे, हे त्यांच्यामुळे कळतं. हे कण सुटून नळीत शिरले, की डोकं थांबलं तरी नळी सांगत राहते, "अजून फिरतोय!" गोळीने मळमळ कमी होते, पण कण जागेवर जात नाहीत.

त्यासाठी अमेरिकेतल्या डॉ. जॉन एप्ली यांनी एक पद्धत काढली आणि १९९२ साली ती प्रसिद्ध केली. डोकं ठरलेल्या क्रमाने वळवायचं, प्रत्येक वेळी थोडं थांबायचं. कण घरंगळत नळीबाहेर येतात. आईला पाच मिनिटं लागली, आठवड्याने पुन्हा एकदा करावं लागलं.

चक्कर गेली, पण चाल डगमगतच होती. मग फिजिओथेरपी. अंगठ्यावर नजर ठेवून डोकं डावी-उजवीकडे हलवायचं, भिंतीजवळ पाय जुळवून उभं राहायचं. थोडी गरगर सोसली, तरच मेंदू तोल पुन्हा शिकतो. नुसतं पडून राहिलं, तर ते शिकणं लांबतं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. कोणता कान हे तपासल्याशिवाय व्हिडिओ बघून घरी प्रयोग नको, मान दुखत असेल तर अजिबात नको. आणि चक्करेसोबत बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला किंवा एकाचे दोन दिसले, तर लगेच १०८ लावा.

आज घरी फोन करा आणि विचारा, "चक्कर येते का? कूस बदलल्यावर येते का?" हा दुसरा प्रश्न आम्ही तीन आठवडे उशिरा विचारला.