लांब इंग्रजी शब्दांची फोड

आमच्या पेडणे तालुक्यात मोपा येथील विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये विमानांची ये-जा सुरू झाली. तेव्हापासून कोरगावच्या मुलांना ‘इंटरनॅशनल’ हा शब्द वरचेवर भेटतो. लिहिताना याला तेरा अक्षरे लागतात. विद्यार्थी ती ‘आय, एन, टी’ अशी एकेक करून घोकतात; परीक्षेत एखादे अक्षर गळते आणि इंग्रजी आपल्या नशिबीच नाही, अशी ते स्वतःची समजूत करून घेतात. हा शीण अनाठायी आहे, असे आम्हांस वाटते.

शब्दाची फोड दोन रीतींनी होते. पहिली रीत जिभेची. एका दमात, एका स्वराच्या आधाराने जेवढे उच्चारले जाते, तेवढा एक तुकडा. इंग्रजीत त्यास सिलॅबल म्हणतात. इन्-टर्-नॅ-शन्-अल असे येथे पाच तुकडे पडतात. स्वर मात्र कानाने मोजावा, डोळ्यांनी नव्हे. ‘शन्’ लिहिताना ‘आय’ आणि ‘ओ’ असे दोन स्वर येतात, पण ऐकू एकच येतो. अठराव्या शतकातील काही इंग्रजी बाळबोध पुस्तके या ‘शन्’चेही दोन तुकडे करून शिकवीत! अमेरिकेतील नोआ वेबस्टर याने १७८३ सालच्या आपल्या पुस्तकात तो एकच तुकडा मानला.

दुसरी रीत अर्थाची. जेरेमी बेंथॅम या इंग्रज विचारवंताने १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हा शब्द नवा म्हणून योजला. त्याने ‘नेशन’ या जुन्या शब्दास मागे ‘इंटर’ व पुढे ‘अल’ जोडले, इतकेच. आता आपला ‘आंतरराष्ट्रीय’ पाहा: आंतर, राष्ट्र, ईय. घडण तीच! लॅटिनमधला ‘इंटर’ आणि संस्कृतातला ‘अंतर्’ तर मुळात एकाच कुळातले. उपसर्ग व प्रत्यय मराठीच्या तासाला शिकलेल्या मुलाला इंग्रजीत नवे काही शिकावयाचे उरत नाही, असे आम्ही म्हणणार नाही. पण हत्यार त्याच्या हाती आधीच आहे.

या दोन फोडी नेहमी जुळतात असे नाही. ‘हेलिकॉप्टर’ आपण हे-लि-कॉप्-टर असा म्हणतो. वास्तविक त्यात वळसा या अर्थाचा एक ग्रीक शब्द आणि पंख या अर्थाचा ‘प्तेरॉन’ हा दुसरा शब्द आहे. म्हणजे अर्थाचा सांधा ‘हेलिको’नंतर, ‘पी’ या अक्षराच्या आधी येतो. तसेच ‘नेशन’मधला ‘ने’ हा ‘नॅशनल’मध्ये ‘नॅ’ होतो. उच्चार बदलला, लेखन मात्र जसेच्या तसे राहिले. म्हणून वाचताना जिभेची फोड धरावी आणि लिहिताना अर्थाची. तेरा सुट्या अक्षरांऐवजी तीन ओळखीचे तुकडे ध्यानात ठेवावयाचे.

घरी १९६१ पूर्वी पोर्तुगीज शाळेत शिकलेले आजोबा असतील, तर त्यांना ‘नेशन’चा पोर्तुगीज शब्द विचारावा. ते ‘नासांव’ म्हणतील. इंग्रजीचा ‘शन्’ आणि पोर्तुगीजचा ‘सांव’ हे लॅटिनच्या एकाच प्रत्ययाचे दोन वंशज आहेत.